स्टीअरिंग आर्मला टेपर होल: रीमर मारावा की लेथवर द्यावं?

जीपची लीफ स्प्रिंग ॲक्सलच्या वर घेतली की ड्रॅग लिंक, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा, उताराला लागते आणि प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपल्या मनाने वळतं. मग लिंक स्टीअरिंग आर्मच्या (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) वरून बसवायची ठरते आणि गाडी अडते ती टेपर होलवर, म्हणजे लिंकच्या टोकाच्या बॉल जॉइंटची निमुळती पिन बसते त्या निमुळत्या होलवर. ते रीमरने (होल निमुळतं कापणाऱ्या हत्याराने) करता येतं किंवा लेथवर. मी दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलो आहे, म्हणून लिहितो. गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आधी वाचून घ्या, तो विषय इथे काढत नाही.

सगळ्यात आधी तुमच्या बॉल जॉइंटचा टेपर मोजा. पिनवर व्हर्निअरने दोन ठिकाणी व्यास घ्या. ८ मिलिमीटर अंतरात १ मिलिमीटरचा फरक पडला तर टेपर १:८, त्याच फरकाला १० मिलिमीटर लागले तर १:१०. दोन्ही प्रकार बाजारात आहेत आणि नुसत्या डोळ्याला सारखेच दिसतात. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन नुसतं ‘टेपर रीमर द्या’ म्हणालात तर बहुधा टेपर पिनचा, म्हणजे १:५० चा, नाहीतर मोर्स टेपरचा रीमर हातात पडेल. मोर्स साधारण १:२० असतो. आपल्याला दोन्हींचा उपयोग नाही. १:८ चा मागवावा लागतो किंवा टूल ग्राइंडिंगवाल्याकडून करून घ्यावा लागतो, आणि एका आर्मचे लेथवाला जे घेतो त्याच्या कितीतरी पट पैसे त्यात जातात. खर्चाच्या बाबतीत लेथ सरळ जिंकतो.

कामाच्या सफाईतही लेथ कमी नाही. कंपाउंड स्लाइड (लेथवर हत्यार धरणारा, तिरका करता येणारा सरकता भाग) ३ अंश ३५ मिनिटांवर लावायची आणि बोअरिंग बार, म्हणजे होल आतून कापणारं हत्यार, आत घालायचा. अर्थात स्लाइडवरच्या अंशाच्या खुणांवर भरवसा ठेवणारा टर्नर दिसला तर आर्म उचलून घरी आणा. डायल (बारीक अंतर मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून बघणारा हवा: १:८ साठी स्लाइड २५ मिलिमीटर सरकली की काटा १.५६ दाखवला पाहिजे. आर्मचं वजन एका अंगाला असतं, त्यामुळे फेसप्लेटवर (लेथच्या फिरत्या तबकडीवर) समोरच्या बाजूला वजन बांधून, मशीन हळू चालवून काम करावं लागतं. हे सगळं नीट करणारी माणसं आपल्याकडे आहेत, भोसरीत आहेत, शिरोलीत आहेत. होल आतून आरशासारखं येतं.

माझं मन फिरलं ते पिन किती आत बसते यावरून. १:८ टेपरमध्ये होल पाव मिलिमीटर मोठं झालं की पिन दोन मिलिमीटर खाली उतरते. दोन मिलिमीटर म्हणजे काय? बॉल जॉइंटचा रबर बूट आर्मवर दाबला जातो आणि फाटतो. खालच्या बाजूला कॅसल नट (खाचा असलेला नट) आटे संपेपर्यंत जातो आणि टेपर आवळायच्या आधीच थांबतो. स्प्लिट पिनचं होल नटाच्या खाचांच्या पलीकडे राहतं. माझे डावा आणि उजवा असे दोन्ही आर्म एकाच टर्नरने, एकाच दिवशी केले होते. डावीकडची पिन बरोबर बसली, उजवीकडची खाली गेली. त्याचं उत्तर: ‘खाली एक वॉशर टाका की, साहेब.’ वॉशरने नट आवळला जातो हे खरं, पण बूट दबतो तो दबतोच. आणि होल मोठं झालं असेल तर परत छोटं होत नाही. उलट चूक असती, होल लहान राहिलं असतं, तरी आर्म फेसप्लेटवरून एकदा निघाल्यावर तो पुन्हा त्याच सेंटरवर धरणं हे नवं काम. बॉल जॉइंट सोबत नेऊन, टर्नरच्या डोक्यावर उभं राहून मशीनवरच लावून बघता येतं. पण दुकानात गर्दी असते, आणि दर वेळी किती जणांना ते आवडतं कोण जाणे.

रीमरमध्ये हा ताप उरत नाही. आर्म ड्रिल मशीनच्या टेबलावर पक्का धरायचा, टेपरच्या बारीक टोकापेक्षा जरा लहान ड्रिल मारायचा आणि टेबल न हलवता चकात रीमर लावायचा. मग मशीन बंद करून, वायर काढून, वरची पुली हाताने फिरवायची. घरगुती ड्रिल मशीनचा सगळ्यात कमी वेगही या कामाला जास्तच पडतो. हाताने फिरवलं की रीमर सरळही राहतो आणि किती कापतोय ते तळहाताला कळतं. कटिंग ऑइल भरपूर घालायचं. दोन-चार फेरे, चुरा पुसायचा, पिन घालून बघायची, पुन्हा दोन फेरे. शेवटी पिनला निळं लावून फिरवायची: रंग होलभर उमटला पाहिजे. एकाच टोकाला कडं उमटलं तर टेपर जुळलेला नाही. फोर्ज्ड आर्मला दंड दुखतात, पण दोन्ही बाजू एका उंचीवर येतात.

एका ठिकाणी मात्र मी अजूनही लेथवरच जातो. आर्मला खालून रुंद असं जुनं टेपर होल असेल आणि तेच वरून वापरायचं असेल, तर वरून रीमर मारू नका. मधे कंबर राहते आणि पिनला पकड मिळत नाही. तिथे होल सरळ मोठं करून आतून टेपर असलेली, रुंद टोकाला कॉलर असलेली बुश (नळीसारखा तुकडा) घट्ट बसवावी लागते. गोल बुश चकात धरणं सोपं, बिघडली तर दुसरी करता येते. फक्त ती आर्मला वेल्ड करू देऊ नका, निदान प्रीहीट न करता तरी नाहीच. आर्मचं पोलाद वेल्डशेजारी ठिसूळ होतं.

गाडी एकच आणि होलं दोनच असतील, ओळखीचा धीराचा टर्नर असेल, तर लेथवर द्यायला हरकत नसावी. मित्रांच्या दोन-तीन जीपा रांगेत असतील तर वर्गणी काढून रीमर घ्या. घेताना स्पायरल फ्लूटचा (पिळाच्या खाचांचा) घ्या, डाव्या पिळाचा, म्हणजे तो स्वतःला आत ओढत नाही. सरळ फ्लूटचा स्वस्त मिळतो, पण थरथरतो आणि होलात पैलू पाडतो. त्या पैलूंवर पिन टेकली की पहिल्या दगडगोट्यांतच नट सैल व्हायला लागतो.