पोकेमॉन गो, गुहागर पट्ट्यात आठ महिने: जिम जिंकणं सोपं, हरणं अवघड

गेम काय आहे, स्टॉप (वस्तू देणारी, नकाशावर दाखवलेली खरी जागा) कसा फिरवायचा, अंडं कसं उबवायचं हे सांगत बसत नाही. 2016 पासून सगळ्यांना माहीत आहे. इथे लिहितोय ते शहराबाहेर, वाड्यावाड्यांत विखुरलेल्या गावात हा गेम महिनोन्महिने वापरला की काय होतं त्याबद्दल. आणि त्यातही मुख्यतः नाण्यांबद्दल, कारण खिशातला एक रुपया न घालता खेळायचं असेल तर सगळं गाडं तिथेच अडतं.

जिम म्हणजे नकाशावरचा आखाडा, तो आपल्या टीमसाठी जिंकून तिथे पोकेमॉन बसवायचा. असा बसलेला पोकेमॉन दर 10 मिनिटांना 1 नाणं, म्हणजे गेममधलं चलन, कमावतो. म्हणजे 50 नाण्यांना 8 तास 20 मिनिटं. दिवसाची कमाल मर्यादाही 50च. इथवर ठीक. गोम अशी की नाणी हातात पडतात ती पोकेमॉन हरून परत आल्यावरच. ठाण्यात किंवा पुण्यात दुपारपर्यंत कोणीतरी हाकलतंच. इकडे देवळावर एक जिम, आसपास खेळणारे दोन-तीन, तेही बहुधा एकाच टीमचे. मग पोकेमॉन बसतो तो बसतोच. 25 दिवस बसला तर हिशेबाने 3600 नाण्यांचा वेळ भरतो, मिळतात 50. त्याची उमेद (बसल्या बसल्या घटत जाणारी ताकद) शून्यावर गेली तरी तो आपणहून उठत नाही, कोणीतरी येऊन हरवावंच लागतं. बरं, एका वेळी 20 जिममध्येच पोकेमॉन ठेवता येतात. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ असे फिरताना उत्साहाने प्रत्येक ठिकाणी एकेक ठेवत गेलात, की हळूहळू तो कोटाही अडकून बसतो.

यावर चालणारी एकच तोड आहे: दुसऱ्या टीमचा एक विश्वासू माणूस आणि वेळापत्रक. पहिल्याने सकाळी 7 वाजता जिम घ्यायची. दुसऱ्याने दुपारी साडेतीनला ती पाडून आपला पोकेमॉन बसवायचा. पहिल्याचे 8 तास 20 मिनिटं तोवर भरलेले असतात. दुसऱ्याचा रात्रभर बसतो आणि पहिला सकाळी 7 ला तो पाडतो. दोघांनाही रोज 50. यात दोन पथ्यं. उमेद भरून काढणारी बेरी खाऊ घालायची नाही, कारण पूर्ण उमेदीचा पोकेमॉन तीनदा हरवावा लागतो आणि त्यात औषधं जातात. आणि दोघांपैकी कोणीही एकाच दिवशी दुसऱ्या जिममधूनही परत येईल असं करू नये, कारण ती कमाई मर्यादेबाहेर जाऊन फुकट. दोघे एकाच टीमचे असाल तर टीम बदलायचं पदक 1000 नाण्यांना आहे, म्हणजे 20 दिवसांची पूर्ण कमाई, आणि ते वर्षातून एकदाच वापरता येतं. दुसरं खातं काढून स्वतःच स्वतःला पाडणारेही आहेत. ते नियमांत बसत नाही आणि खातं गेलं तर रडायचं नाही.

नाण्यांवर एवढं का अडून बसायचं? तर रिमोट रेड पासमुळे. रेड म्हणजे जिमवर येणाऱ्या बलाढ्य पोकेमॉनशी अनेकांनी मिळून केलेली लढत, आणि हा पास म्हणजे तीत लांबून भाग घ्यायचं तिकीट. पाच ताऱ्यांच्या रेडला एकट्यादुकट्याचा निभाव लागत नाही, गावात पाच जण एका वेळी जमत नाहीत, म्हणजे लांबून येणारे खेळाडू किंवा लांबच्या रेड हाच मार्ग. एप्रिल 2023 मध्ये हा पास 100 वरून 195 नाण्यांवर नेला. पूर्वी दोन दिवसांच्या कमाईत एक पास, आता चार दिवसांच्या. शहरातल्या माणसाला तो चैनीचा आहे. तो कोपऱ्यावरच्या जिमवर रोजच्या फुकट पासावर खेळतो. किंमत वाढवण्यामागे लोकांनी घराबाहेर पडून एकत्र खेळावं हा विचार सांगितला गेला. बाहेर पडायला आमची ना नाही. बाहेर पडल्यावर भेटतात ती माडावरची माकडं.

सुधारणा म्हणाल तर मागणी एकच आणि अगदी साधी: 8 तास 20 मिनिटं भरली की पोकेमॉन बसल्या जागी त्या दिवसाची 50 नाणी जमा व्हावीत. मर्यादा वाढवू नका, नुसती पद्धत बदला. रोजच्या छोट्या कामांतून नाणी देण्याचा प्रयोग 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात झाला होता. जगभर तो आलाच नाही.

इथे संवादाचा मुद्दा येतो. हा गेम बनवणारे बोलत नाहीत असं नाही, पण दणका बसल्यावर बोलतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये स्टॉप गाठायचं अंतर 80 मीटरवरून परत 40 वर आणलं, खेळाडूंनी जोरदार विरोध केला, तेव्हा महिना संपायच्या आत 80 कायम झालं. रस्त्यापासून आत, आगराच्या पलीकडे देऊळ असलेल्या गावांत हे 40 मीटर म्हणजे एका पावसाळ्याचा चिखल. पण साधे नियम मात्र खेळाडूंनाच मोजून काढावे लागतात. नकाशा चौकटींत विभागलेला आहे. लहान चौकटीत, म्हणजे साधारण 70 मीटरच्या, एकच स्टॉप दिसतो. मोठ्या चौकटीत 2 स्टॉप झाले की पहिली जिम, 6 झाले की दुसरी, 20 झाले की तिसरी. हे गेममध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

आणि न सांगितलेल्या जागी अफवा उगवतात. गेमचा धंदा विकला जाणार ही 2025 च्या सुरुवातीची कुजबुज मार्चमध्ये खरी ठरली, साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपली या गेम कंपनीने घेतला. त्यामुळे आता कुठलीही वदंता लोकांना खरी वाटते. चाळणी अशी लावा: अॅपच्या फायलींत सापडलेलं चित्र किंवा वाक्य म्हणजे तयारी, तारीख नव्हे. गेममधल्या बातम्यांच्या पानावर येईपर्यंत त्यासाठी पास साठवून ठेवू नका. कॅमेरा गुपचूप गाव टिपतो ही भीतीही घराघरांत ऐकू येते. स्टॉपचं स्कॅन खेळाडू स्वतः उघडून करतो तेव्हाच होतं, नको असेल तर ते काम टाकून द्या. कॉर्सोला हा पोकेमॉन समुद्रकिनाऱ्यावरच मिळतो हेही अर्धवट ऐकलेलं. तो उष्ण पट्ट्यात मिळतो, त्यासाठी भर उन्हात वाळू तुडवायची गरज नाही.

पाच महिन्यांपर्यंत मत असं होतं की खेड्यात हा गेम ठेवू नये. ते बदललं ते वेफेररमुळे, म्हणजे खेळाडूंनी नकाशावर नव्या जागा सुचवायच्या सोयीमुळे. पातळी 37 झाली की नव्या जागा सुचवता येतात, आणि कोकणातल्या गावात पात्र जागा भरपूर आहेत, नकाशावर कोणी घातलेल्या नाहीत एवढंच. दीपमाळ, ग्रामदेवतेचं देऊळ, सार्वजनिक वाचनालय, व्यायामशाळा, पार, धक्क्यावरचा माहितीफलक हे चालतं. घराच्या अंगणातलं वृंदावन, शाळेच्या आवारातलं काहीही, गणपतीचा तात्पुरता मंडप हे नाकारलं जातं. नुसता धबधबा किंवा कातळही नाही, शेजारी कायमचा फलक असेल तर फलकाचा फोटो द्या. मुख्य फोटोत माणसांचे चेहरे आणि गाडीचा नंबर नको. दुसऱ्या फोटोत आजूबाजूचा परिसर आणि चालत जायची वाट दिसली पाहिजे. वर्णन लिहिताना परीक्षक परगावचा आहे हे धरून चाला. ‘सहाण’ एवढंच लिहिलंत तर त्याच्या डोळ्यांसमोर गंध उगाळायचा दगड येतो. शिमग्यात पालखी बसवायचा कायमचा चौथरा, असं फोडून सांगा. आणि सुचवण्याआधी चौकटी बघा. देवळाला खेटून दिलेली दीपमाळ मंजूर होऊनही गेममध्ये दिसत नाही, ती याच कारणाने.

बाकी किरकोळ. अॅडव्हेंचर सिंक चालू ठेवा, रेंज नसली तरी पावलं फोन मोजतो आणि नंतर जमा करतो. मात्र फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये गेमवरचे निर्बंध काढा, नाहीतर सोमवारी सकाळी हिशेब अर्धाच निघतो. एआर, म्हणजे कॅमेऱ्यातून खऱ्या जागेत पोकेमॉन दाखवणं, बंद ठेवा.

ताजी नोंद, गणपतीनंतरची. चाकरमानी आले की पाच दिवस गावातल्या जिम मुंबईसारख्या हलतात. आपले अडकलेले सगळे पोकेमॉन एकाच दिवशी घरी येतात आणि मिळून 50 नाणी देतात, तेव्हा आदल्या आठवड्यातच ओळखीच्याला सांगून रोज एक याप्रमाणे पाडून घ्या. आणि ते परत गेल्यावर त्यांचेही पाडा, एका दिवशी एक, सांगून. नाहीतर त्यांची ब्लिसी (हरवायला चिवट पोकेमॉन) शिमग्यापर्यंत देवळावर बसून राहते.