गर्भाशय राखायचे असेल तर: मायोमेक्टॉमी की एम्बोलायझेशन?

फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयात वाढणाऱ्या, सहसा कर्करोगाच्या नसलेल्या गाठींमुळे, अतिरक्तस्राव होत असला तरी गर्भाशय काढायचे नाही, असे ठरवलेल्या स्त्रीपुढे बहुधा हे दोन मार्ग ठेवले जातात. मायोमेक्टॉमीत गाठी कापून काढतात आणि गर्भाशय शिवतात. एम्बोलायझेशनमध्ये जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी नेऊन सूक्ष्म कणांनी गाठींचा रक्तपुरवठा बंद करतात, त्यामुळे त्या काही महिन्यांत आक्रसतात, पण सहसा पूर्ण नाहीशा होत नाहीत.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, दुर्बिणीतून केल्यास कमी. एम्बोलायझेशननंतर बहुतेकींना १ ते २ आठवडे पुरतात, मात्र पहिल्या दिवशीच्या तीव्र वेदनांबद्दल पुरेसे सांगितले जात नाही. नव्या गाठी मायोमेक्टॉमीनंतरही येऊ शकतात. तरी पुन्हा उपचार घेण्याची वेळ एम्बोलायझेशननंतर अधिक येते. शिवाय काढलेली गाठ तपासणीला पाठवता येते, हा फायदा मला दुय्यम वाटत नाही.

पुढे मूल हवे असल्यास सहसा मायोमेक्टॉमीचाच विचार आधी करावा, जरी गर्भाशयाच्या भिंतीत खोल छेद घ्यावा लागल्यास नंतर सिझेरियनचा सल्ला मिळू शकतो. मूल नको असेल आणि मोठी शस्त्रक्रिया जोखमीची ठरत असेल, तर एम्बोलायझेशन अधिक सोयीचे. गाठ लहान आणि गर्भाशयाच्या पोकळीत वाढलेली असेल, तर योनिमार्गे दुर्बिणीने ती काढणे सर्वांत सोपे.