आधी आवाज, मग छायाचित्र: दादरची एक परिचय सेवा
दादरमधील एका वधूवर सूचक मंडळाने पन्नाशीपुढील एकट्या व्यक्तींसाठी चालवलेल्या दूरध्वनी परिचय सेवेत छायाचित्र आणि पगार यांच्याआधी आवाजाची ओळख होते, हे मला तिचे सर्वांत मोठे बळ वाटते. साध्या दूरध्वनीवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी पोहोचतो; तरीही समोरच्याचे थबकणे, हसू दाबणे, मनापासून केलेली विचारपूस त्यातून नेमकी कळते. मामींच्या पश्चात अबोल झालेले माझे मामा बोरिवलीच्या एका बाईंशी रात्री निवांत बोलू लागले, त्याचा घरातील सर्वांनाच आनंद आहे. दोघांच्या संमतीशिवाय क्रमांक दिला जात नाही, हे उत्तम. शुल्क मात्र निवृत्तिवेतनधारकांना जड जाते, आणि ते कमी व्हायलाच हवे.