ताशाच्या काड्या ते ५ए: सव्वा वर्षात वापरलेल्या स्टिक्सबद्दल

सव्वा वर्ष झालं ड्रम किट शिकतेय आणि एवढ्यात स्टिक्सच्या सहा जोड्या हाताखालून गेल्यात. त्यातल्या दोन तुटल्या, एक देऊन टाकली, एकीला बाक आला, आणि दोन रोज वाजतायत. आमच्या ढोल-ताशा पथकातली बरीच मुलंमुली आता किटकडे वळलीयत, दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की ताई स्टिक कुठली घेऊ, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहून काढूया.

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाहीये त्यांच्यासाठी आधीच सांगते. पहिली जोडी असेल तर हिकरी लाकडाची ५ए घ्या (हे स्टिकच्या मापाचं नाव, खाली सांगतेच), लाकडी टोकाची, आणि दुकानात जाऊन हातात धरून घ्या. मी विक फर्थ कंपनीची अमेरिकन क्लासिक ५ए वापरते, १६ इंच लांब आणि जाडी ०.५६५ इंच म्हणजे १४ एमएमच्या थोडी वर. आता मी इथपर्यंत कशी आले ते सांगते, कारण तुमचा हात माझ्यासारखा असेलच असं नाही.

मी सात सीझन ताशा वाजवलाय. पुण्यात म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात रोज संध्याकाळी प्रॅक्टिस, पाऊस असला तरी, आणि मग विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून उभं राहून वाजवायचं. ताशाच्या काड्या बारीक आणि हलक्या, आधी वेताच्या असायच्या आता बऱ्याच जणांकडे फायबरच्या दिसतात, सगळा खेळ मनगटाचा आणि बोटांचा, खांद्यातून जोर लावायचा प्रश्नच नाही. तर किटसमोर पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं एवढं मोठं वाद्य, पाच ड्रम, वर सिंबल म्हणजे धातूच्या थाळ्या, ह्याला स्टिक पण तशीच भरभक्कम पाहिजे. दुकानात २बी हातात घेतली, मस्त वजनदार वाटली, घेऊन टाकली. २बी म्हणजे ०.६३० इंच, बरोबर १६ एमएम. ऐकायला दीड-दोन एमएमचा फरक आहे पण हाताला तो लगेच कळतो. तीन आठवड्यात उजव्या मनगटाच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं, सकाळी चहाचा कप उचलताना सुद्धा कळ यायची. आमच्या सरांनी क्लासमध्ये स्टिक हातातून काढून घेतली आणि दहा दिवस वाजवायचंच नाही म्हणाले.

यात स्टिक वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. २बी मोठ्या स्टेजवर जोरात वाजवणाऱ्यांना चालते, बरेच सर लोक विद्यार्थ्यांना सरावाच्या पॅडवर हात तयार करायला पण जाड स्टिक देतात. पण ती रोज दोन तास, नवीन हाताने, चुकीच्या पकडीत वाजवायची नाही. आणि ताशावाल्यांची पकड खरंच वेगळी असते, आपण काडी पुढच्या बोटांत घट्ट धरतो, तशीच जाड स्टिक धरली की तिचं सगळं वजन मनगटावर येतं, कारण किटच्या स्टिकला उसळी घेऊ द्यायची असते, ती हातात थोडी सैल पाहिजे.

आता ते आकडे आणि अक्षरं, कारण सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. आकडा लहान तेवढी स्टिक जाड. म्हणजे २बी जाड, ५बी त्याच्यापेक्षा कमी, ७ए सगळ्यात बारीक. अक्षरं अमेरिकेतली जुनी, ए म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, बी म्हणजे बँडसाठी आणि एस म्हणजे स्ट्रीट, रस्त्यावरून वाजवत जाणाऱ्यांसाठी, त्या सगळ्यात जाड कारण उघड्यावर आवाज पोचायला पाहिजे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूप वेळ विचार करत बसले होते, की आपलं पथक तर पूर्ण रस्त्यावरचं, लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूला बिल्डिंगी आणि मधे माणसांचा समुद्र, आणि तरी आपल्या ताशाची काडी सगळ्यात बारीक! कारण ताशाचा आवाज काडीच्या वजनातून येतच नाही, तो येतो धातूच्या उथळ भांड्यातून आणि कडक ताणलेल्या पानातून (वरच्या पडद्यातून), काडी फक्त चटकन लागून चटकन उठली पाहिजे. जड काम ढोलाचं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी करतं. त्यामुळे जाड स्टिक म्हणजे मोठा आवाज हे अर्धंच खरं आहे, आधी वाद्य काय मागतंय ते बघायचं.

दुसरी गोष्ट, हे आकडे सगळ्या कंपन्यांचे तंतोतंत सारखे नसतात. विक फर्थची ५ए ०.५६५ आहे, प्रोमार्कची ५ए साधारण १४ एमएम म्हणजे थोडी बारीक. म्हणून कोणी सांगितलं मी ५ए वापरतो, तर कुठल्या कंपनीची ते पण विचारा.

मनगट बरं झाल्यावर मी एकदम उलट्या टोकाला गेले आणि ७ए घेतली. १५.५ इंच लांब, ०.५४० इंच जाड. पहिले दोन दिवस स्वर्ग, ताशाची काडीच हातात आल्यासारखं वाटलं, स्नेअरवर (किटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) बारीक हात सुंदर निघायचे. पण मग क्लासमध्ये गिटारवाल्यांबरोबर बसायला लागले तेव्हा आवाज पोचेना, तो पोचवायला मी पिळून मारायला लागले, आणि हलकी स्टिक पिळून मारली की हात जड स्टिकपेक्षा जास्त थकतो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. क्रॅश सिंबलवर मारून मारून दीड महिन्यात एक मधोमध तुटली. ७ए छोट्या खोलीत, हळू वाजवायला, लहान मुलांच्या हातात फार छान आहे. माझा भाचा ९ वर्षांचा आहे, उरलेली एक आणि दुकानातून आणलेली तशीच एक सुटी स्टिक अशी जोडी मी त्याला दिली, तो आनंदाने वाजवतो.

मग ऑनलाइन. एक ५बी ओकची जोडी सेलमध्ये दिसली म्हणून मागवली, कंपनीचं नाव लिहीत नाही. वाजवताना डावा हात सारखा मागे पडायचा, मला वाटायचं डावा हातच कच्चा आहे, पंधरा दिवस फक्त डाव्याचे व्यायाम केले. शेवटी आईच्या किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघितलं तर एक स्टिक ६३ ग्रॅम आणि दुसरी ५४. नऊ ग्रॅमचा फरक! आणि डब्यावर एकेक टकटक करून ऐकलं तर एकीचा आवाज वर, दुसरीचा खाली. लाकूड ही नैसर्गिक गोष्ट आहे, एकाच मापाच्या दोन काड्यांचं वजन वेगळं येणारच, म्हणून चांगल्या कंपन्या वजन आणि आवाज जुळवून जोड्या लावतात. विक फर्थ हा माणूस बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवायचा, बाजारातल्या स्टिक्स मनासारख्या नव्हत्या म्हणून स्वतः बनवायला लागला आणि १९६३ मध्ये कंपनी काढली. वाजवणाऱ्या माणसाने सुरू केलंय म्हणूनच स्वर जुळवून जोडी लावायचं त्याला महत्त्वाचं वाटलं असणार, असं मला वाटतं. किंमत लोकल जोडीच्या चार-पाच पट होते हे मान्य आहे, पण मी आत्तापर्यंत ज्या तीन जोड्या घेतल्या त्यात काट्यावर दोन ग्रॅमच्या वर फरक दिसला नाही.

म्हणून दुकानात जा. मी बुधवार पेठेत एका जुन्या वाद्यांच्या दुकानात जाते, गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. तिथले काका पाकिटातून स्टिक काढून बघू देतात, हे फार महत्त्वाचं आहे. काउंटरची काच असते ना, त्यावर स्टिक लोळवायची. सरळ असेल तर शांत गडगडत जाते, बाक असेल तर टोक वरखाली नाचतं आणि टकटक वाजतं, लगेच कळतं. मग लाकडाच्या रेषा बघायच्या, त्या टोकापासून बुडापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत, मधेच तिरक्या बाहेर पडत असतील तर स्टिक तिथेच तिरकी तुटणार. मग दोन्ही स्टिक एकेक करून कानाजवळ धरून डोक्याच्या हाडावर हलकेच टकटक करायची, आवाज जुळतो का बघायचा. पहिल्यांदा लोक बघतात आपल्याकडे, बघू देत. मी एकदा पाच पाकिटं काढून बघितली, काका म्हणाले, ‘‘घ्या ताई, निवांत बघा, रोज हातात तुमच्याच राहणारे ती.’’ श्रावण लागला की मात्र पथकांची गर्दी होते, पानं, दोऱ्या, टिपरू, कंबरपट्टे, तेव्हा कोणाला वेळ नसतो, त्याच्या आधी जा.

लाकडाबद्दल. हिकरी अमेरिकेतलं झाड, तिकडे कुऱ्हाडीचे आणि हातोडीचे दांडे याचे करतात, कारण ते चिवट आहे आणि दणका स्वतःत जिरवतं, हातापर्यंत कमी येऊ देतं. हे वाजवताना खरंच जाणवतं, दीड तास रिमशॉट (ड्रमची कड आणि पडदा एकदम लागेल असे फटके) मारले तरी तळहात झिणझिणत नाही. ओक जास्त जड आणि टणक, जपानी ओकच्या स्टिक्स खूप टिकतात असा सगळ्यांचा अनुभव आहे आणि माझी ती वजन न जुळणारी जोडी पण वर्षभरात तुटली नाही, पण दणका हातात येतो, मनगटाचं दुखणं असेल तर मी नाही सुचवणार. मेपल सगळ्यात हलकं. त्याचा खरा फायदा असा की जाड स्टिक कमी वजनात मिळते. माझ्या मैत्रिणीचे हात मोठे आहेत, तिला ५ए हातात हरवल्यासारखी वाटायची आणि हिकरीची ५बी जड व्हायची, तिने मेपलची ५बी घेतली आणि तिचा प्रश्न एका दिवसात सुटला. फक्त हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या दोन थाळ्यांच्या) कडेवर मारायची सवय असेल तर मेपल पटपट कुरतडलं जातं. लोकल स्टिक्सवर लाकूड कुठलं तेच लिहिलेलं नसतं, पॅडवर सरावाला ठीक आहेत, पण काचेवर लोळवल्याशिवाय घेऊ नका.

टोकाकडे मी पहिले सहा महिने लक्षच दिलं नव्हतं. राइड सिंबलवर वाजवाल तेव्हा फरक ऐकू येतो. गोल टोक कसंही लागलं तरी आवाज स्वच्छ आणि एकसारखा. थेंबाच्या आकाराचं असेल तर स्टिकचा कोन बदलला की आवाज बदलतो, थोडा भरीव येतो, मला तेच आवडतं. नायलॉनच्या टोकाचा आवाज चमकदार, कडक, आणि ते लाकडासारखं झिजून कुसं निघत नाहीत. माझी रोज वाजणारी दुसरी जोडी नायलॉन टोकाची ५ए आहे, ती फक्त घरातल्या इलेक्ट्रॉनिक किटसाठी. आमची सोसायटी सिंहगड रोडला, शेजारी लहान बाळ आहे, घरी खरा ड्रम वाजवणं शक्य नाही. मेश पॅडवर लाकडी टोकाचं एक कुसं निघालं तरी जाळी खराब होऊ शकते, म्हणून तिथे नायलॉनच. आणि मित्राच्या घरी गच्चीवर वगैरे बसतो तेव्हा रॉड्स नेते, बारीक काड्यांची मोळी असते ती, आवाज निम्म्यावर येतो आणि गाणारा माणूस ऐकू येतो.

घाम हा पुण्यात एप्रिल-मेचा विषय. लॅकर केलेली स्टिक माझ्या हातातून सटकते, काही जणांच्या हातात उलट घाम आल्यावरच चिकटून बसते, त्यामुळे हे स्वतःच्या हाताने ठरवायचं. मी पकडीच्या जागेवर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवते आणि तेवढ्याने काम होतं. टेप गुंडाळून बघितली होती पण त्याने बुडाकडे वजन वाढलं आणि तोल गेला, काढून टाकली.

आणि कृपया स्टिक्स गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझी पहिली ५ए मे महिन्यात चार दिवस ॲक्टिव्हाच्या डिकीत राहिली, बाहेर काढली तेव्हा काचेवर चक्क डुगडुगत होती. पावसाळ्यात पण ओल्या बॅगेत नको, घरी आल्यावर सुकी करून आडवी ठेवायची.

शेवटचं पथकवाल्यांसाठी, कारण हा प्रश्न परत परत येतो: किटची स्टिक ताशाला चालेल का? नको. जड पडते, पान लवकर जातं आणि हाताचा वेग जातो. मी दोन्ही वाजवते, दोन वेगळ्या पिशव्या आहेत, आणि सीझनमध्ये नदीपात्रातून घरी आल्यावर दहा मिनिटं पॅडवर ५एने नुसते एकेरी हात (उजवा-डावा आलटून पालटून) काढते, सैल पकडीत, हळू, म्हणजे बोटांना आठवतं की आता हातात काय आहे.