मुंबईची ट्राम: घोड्यांची की विजेची?

९ मे १८७४ला कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक किंवा दोन घोडे डबा ओढत. भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच नव्हतं! गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं. कंपनीच्या तबेल्यात म्हणे नऊशे घोडे होते. म्हणजे ट्राम धावो न धावो, दाणावैरणीचा खर्च रोजचाच.

विजेच्या ट्रामचं गणितच वेगळं. १९०५ साली स्थापन झालेल्या नव्या कंपनीकडे वीजपुरवठा आणि ट्राम दोन्ही होतं, आजच्या बेस्टचं मूळ तेच. ७ मे १९०७ला विजेची पहिली गाडी निघाली, १९२०मध्ये डबलडेकरही आली. घोड्यांच्या जोरावर असलं काही जमलंच नसतं.

सोय पाहिली तर माझं मत सरळ विजेच्या ट्रामला. पण रुळांवरून बाजूला होणं दोघींनाही जमत नव्हतं. १९२६ला बस आली, ती कुठूनही वळायची. ३१ मार्च १९६४ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली.