मिनी पीसीला ऑक्युलिंकवर ग्राफिक्स कार्ड: काही महिने वापरल्यानंतर

टेबलावर जागा कमी, म्हणून मिनी पीसी. आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी १६ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड बाहेर डॉकवर, म्हणजे कार्ड बसवायच्या वेगळ्या स्टँडवर. दोन्ही जोडायला थंडरबोल्ट सोडून ऑक्युलिंक ही केबल-जोडणी घेतली, कारण इथे मधे कुठलीही कंट्रोलर चिप नाही. प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा मार्ग म्हणजे पीसीआयई. प्रोसेसरमधून निघालेल्या पीसीआयई ४.० च्या चार लेन (डेटाच्या वाटा) केबलमधून थेट कार्डापर्यंत जातात. कागदावर सेकंदाला ७.८८ जीबी, मला मिळतात साधारण साडेसहा. थंडरबोल्ट ४ मध्ये पीसीआयईच्या वाट्याला ३२ गिगाबिट येतात, म्हणजे कागदावरच चार जीबी.

आता केबलबद्दल, कारण सगळं तिच्यावरच अडतं. डॉकसोबत एक मीटरची केबल आली होती. सगळं सुरू झालं, पण गेम अधूनमधून अडखळायचा. लिनक्सचा कर्नल लॉग उघडला तर ‘करेक्टेड एरर’च्या ओळींची रांग लागलेली. पीसीआयईमध्ये प्रत्येक पॅकेटची तपासणी होते आणि खराब निघालं की ते पुन्हा पाठवलं जातं. त्यामुळे मशीन बंद पडत नाही, चूक दिसत नाही, फक्त वेळ जातो. पीसीआयई ४.० च्या, म्हणजे प्रत्येक लेनवर सेकंदाला १६ गिगाट्रान्सफरच्या (१६ अब्ज बिट) वेगाला सिग्नल ८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचतो. प्रोसेसरपासून कार्डापर्यंत सिग्नलमध्ये एकूण सुमारे २८ डेसिबल घट चालते. त्यातच मदरबोर्ड, दोन्ही टोकांचे कनेक्टर आणि केबल यांना भागवायचं असतं. बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जेन ३, म्हणजे आधीच्या पिढीचं पीसीआयई ३.०, केलं की एरर थांबायच्या, पण वेगही निम्मा व्हायचा. शेवटी अर्ध्या मीटरची, नीट शिल्डिंग असलेली केबल आणली. तेव्हापासून जेन ४ वरही लॉग स्वच्छ आहे.

एक लक्षात ठेवा, कार्ड निवांत असताना लिंक २.५ गिगाट्रान्सफरवर उतरते. वीज वाचवण्यासाठी ती मुद्दामच तशी ठेवलेली असते. कामाचा लोड देऊनच लिनक्सच्या ‘एलएसपीसीआय’ या कमांडमध्ये वेग आणि लेनची संख्या बघा.

ब्लेंडरमध्ये सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की चार लेन आहेत की सोळा, रेंडरला फरक पडत नाही. घरच्या घरी भाषा-मॉडेल चालवतानाही तसंच, मॉडेल पूर्ण मेमरीत मावत असेल तर. मेमरी भरून डेटा रॅममध्ये सांडायला लागला की मात्र हाल होतात. गेमसाठी मॉनिटर कार्डालाच जोडा. चित्र ऑक्युलिंकच्या केबलमधून पीसीकडे परत आणलं तर हीच लिंक दोन्हीकडून राबते.

ऑक्युलिंकमधून वीज जात नाही, डॉकला वेगळा पॉवर सप्लाय लागतो. चालू मशीनवर केबल काढू किंवा लावू नका. मी आधी डॉक चालू करतो, मग पीसी.