रोजचे वीस रुपये : हातात द्यावेत की संस्थेला?

रोज वीस रुपये म्हणजे महिन्याला सहाशे. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को इथे उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी एवढे बाजूला काढायचे ठरवले, तर रोख, खाणे, वस्तू की संस्था? माझे मत आधीच सांगते. पावसाळ्यात वस्तू द्या, एरवी निम्म्याहून अधिक रक्कम संस्थेला द्या आणि रोज वाटेत दिसणाऱ्या माणसाला चहा-पोय (गोव्याचा पाव) स्वतःच्या हाताने द्या.

‘दारूच पितील’ म्हणून रोख द्यायला बरेच जण हात आखडतात. पण रस्त्यावर झोपणारा प्रत्येक जण भीक मागत नाही. एक काम संपून दुसरे न मिळालेले मजूरही बसस्टँडच्या आडोशाला रात्र काढतात. त्यांना आंघोळीचे पैसे, मोबाइलचा रिचार्ज, बसभाडे लागते. ते भाजीपावाने भागत नाही. शिवाय गोव्यात १९७२च्या कायद्याने भीक मागणे गुन्हा आहे. त्यामुळे समोरच्याला हात पसरायची वेळ आणू नका, आपणहून द्या.

खाणे ताजे आणि लगेच खाता येईल असे हवे. समारंभातले उरलेले देताना जपून, कारण नारळाचे वाटण आपल्या दमट हवेत लवकर आंबते. दात नसलेल्या म्हाताऱ्याला कडक कवचाचा उंडो पाव चावत नाही. मऊ पाव आणि चहा दिला तर तो बुडवून खातो. देवळा-चर्चबाहेर सणाच्या दिवशी एकाच माणसापुढे चार पुड्या येतात. म्हणून आधी ‘जेवलात का?’ एवढे विचारावे.

वस्तूंचा विचार मात्र नीट करावा लागतो. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. जाड ब्लँकेट द्यायचा मोह होतो, पण जुलैत ते एकदा भिजले की दिवसचे दिवस वाळत नाही, कुबट वास येतो आणि शेवटी ते तिथेच टाकून द्यावे लागते. त्यापेक्षा अंथरायला-पांघरायला प्लास्टिकची ताडपत्री, लवकर वाळणारी पातळ सुती चादर आणि मापाच्या रबरी चपला द्या. सतत ओल्या राहणाऱ्या पायांना भेगा पडतात, त्या चिघळतात. चपलेचे माप विचारून घ्या. अंदाजाने आणलेली चपल कोपऱ्यात पडून राहते.

संस्थेकडे दिलेले पैसे तुमच्या डोळ्यांसमोर खर्च होत नाहीत, पण छप्पर, औषधोपचार, कागदपत्रे ही कामे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाहीत. सरकारी निकषानुसार शहरात दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याची सोय हवी. गोव्यात स्ट्रीट प्रॉव्हिडन्ससारखी संस्था बेघरांसाठी काम करते. प्रोव्हेदोरिया या निराधारांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचे वृद्धाश्रमही आहेत. पावती मागायला संकोचू नका. जुन्या करप्रणालीत देणगीवर प्राप्तिकरात वजावट हवी असेल, तर एका संस्थेला वर्षभरात दोन हजारांवर रोख देऊ नका, ऑनलाइन पाठवा.

काही प्रसंगी पैशांचा उपयोगच नसतो. निराधार वृद्ध दिसल्यास १४५६७ या एल्डरलाइनला, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मानसिक आजारी व्यक्ती भरकटत असेल तर पोलिसांना कळवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तिला संरक्षण देणे ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. फोनवर नेमकी जागा, जवळची खूण आणि ती व्यक्ती जखमी आहे का, हे सांगा.